उजव्या खांद्याची भूल

॥ श्री ॥

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
८ जानेवारी २०२४

प्रिय राहत हिस,

द्वारकेचा नमस्कार, वि. वि. इकडं सगळी खुशाल आहेत. तुझी खुशाली जीपवाल्या बन्सीच्या हाती कळव. फोन करत नाय, कारण तुला ऐकू येत नाय आणि तू भलतंच उत्तर देतीस. मागं मी विचारलं कन्नडला पाऊस झाला का, तर तू म्हणालीस गयासची बायको माहेरी गेली.

आधी गोड बातमी. माझ्या नातीचं, प्रतीक्षाचं जमतंय. मुलगा फुलंब्रीचा, पाणीपुरवठ्यात इंजिनेर. बघायला आले तेव्हा त्यानं स्वतःचा कप स्वतः उचलून मोरीत ठेवला. मला तिथंच आवडला. त्याची आई आवडाबाई जरा करडी दिसती, हसली तरी अर्धीच हसती. बाकी माणसं घरंदाज. येत्या एकवीस तारखेला रविवारी बोलणी करायला येणार आहेत. मला इतका आनंद झालाय की रोज देवाला दोनदा दिवा लावते, सूनबाई आशा म्हणती तेल संपलं.

आता खांदा. तुझ्याकडून दिवाळीनंतर येताना वेरूळच्या पुढं ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला आणि मी वरच्या दांड्याला लोंबकळले, ते तुला सांगितलंच होतं. तेव्हापासून उजवा हात वर जाईना. लुगडं नेसता येईना, वेणी घालता येईना. आशानं मला गाऊन आणलाय, फुलाफुलांचा. मी त्यात एखाद्या उशीसारखी दिसते. फोटो काढला तर शेवटचा म्हणून सांगितलंय. हे पत्र हात टेबलावर टेकवून लिहिते, लिहिताना दुखत नाय.

डॉक्टर म्हणाले, खांद्याचा स्नायू हाडावरून सुटलाय, दुर्बिणीतून शिवावा लागंल. चोवीस तारीख दिली. त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरणीला दाखवायचं. तिचं नाव अजरा, आपल्या गयासच्या थोरलीएवढी असंल. लई मायेची. वय विचारलं, मी सांगितलं पोलीस ॲक्शनच्या सालचा जन्म, ती हिशेब करीत बसली. मग एका नळीत जोरात फुंकायला लावलं. माझे पुढचे दात नायत आणि कवळी घरी डबीत, सगळी हवा गालातून फुस्स. आप्पा हसला, मी हसले, डॉक्टरीण पण हसली. पण तिनं छातीचा फोटो उजेडाला धरला आणि हसणं थांबवलं. डाव्या बाजूला जुना डाग आहे म्हणाली. आजींना कधी छातीचा आजार झाला होता का, दम लागतो का, असं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आप्पासाहेब बोलले. माझ्या आईनं आजवर दवाखान्याची पायरी चढली नाय, एक सुई टोचून घेतली नाय, असं छाती फुगवून सांगितलं. चितेगावच्या कंपनीत चारशे माणसांवर सुपरवायझर आहे ना तो, विचारलं कुणालाही तरी उत्तर तोच देतो. मी पण मान हलवली.

राहत, तुला एकटीलाच ठाऊक आहे की नव्वद सुया टोचून घेतल्यात मी. ते तू साठ वर्षं पोटात ठेवलंस, अजून थोडं ठेव. प्रतीक्षाचं होऊन जाऊ दे.

कळावं. लोभ जुनाच आहे, त्याला ऊन दाखवीत जा.

तुझी द्वारका


७८६

कन्नड
११ जानेवारी २०२४

प्रिय द्वारका हिस,

सलाम आणि दुवा. आमच्याकडं सगळे बरे आहेत. गयासच्या बायकोचं आणि त्याचं मिटलं, आता दोघं मिळून माझ्याशी भांडतात. प्रतीक्षाची खबर वाचून दिल खूश झालं. गाऊनची खबर वाचून जास्त.

आता तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा मला राग आला. अगं बाई, तू डॉक्टरणीपुढं मान हलवली? तुला आठवतं का, तू नवी नवरी होऊन आमच्या शेजारी आलीस तेव्हा आठव्या दिवशी भिंतीवरून मला हाक मारलीस आणि रडायला लागलीस. तुझ्या बापानं सांगून ठेवलेलं, पोरगी सहा महिने औरंगाबादला मावशीकडं शिवणकाम शिकायला गेली होती. तुझ्या सासूनं कौतुकानं मशीन मागवली. आणि तुला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तेव्हा तू खरं बोललीस, की ते सहा महिने दवाखान्यात क्षयाच्या खाटेवर गेले. मी अब्बांच्या मशीनवर तुला आठ दिवसांत परकर शिवायला शिकवला. तुझ्या बापाचं खोटं मी खरं करून दिलं. पण फुप्फुस मला शिवता येत नाय, द्वारका.

आणि दम लागत नाय म्हणतेस? दिवाळीला माझ्या माडीवर येताना चौथ्या पायरीवर बसलीस आणि चपलेचा अंगठा बघत राहिलीस. चपलेला काय झालं नव्हतं. मी बहिरी आहे, आंधळी नाय.

डाग डावीकडं, शिवायचं उजवीकडं, म्हणून काय फरक पडत नाय असं तुला वाटत असंल. मलाही ठाऊक नाय. पण ठाऊक नाय म्हणूनच विचार. डॉक्टरणीला नीट विचार, ती भूल कुठं देणार आणि त्यानं काय काय झोपतं.

जास्त काय लिहू. मोहब्बत आहे म्हणून शिव्या आहेत, तशाच घे.

राहत


॥ श्री ॥

गारखेडा
१५ जानेवारी २०२४

प्रिय राहत,

नमस्कार, वि. वि. तुझ्या शिव्या पोचल्या. संक्रांतीचा तिळगूळ बन्सीजवळ दिलाय, तो खाऊन गोड बोल. त्यानं वाटंत खाल्ला तर मला सांग.

तू सांगितलंस तसं विचारलं. आज परत फुंकायला बोलावलं होतं. कवळी घालून गेले, पण ती सैल झालीय, नळीबरोबर बाहेर आली. डॉक्टरीण अजरा म्हणाली, आजी, तुम्ही कमी फुंकता ते दातांमुळं की छातीमुळं, हे मला या यंत्रावरून कळत नाय, म्हणून तुमच्या तोंडून कळलं पायजे. मग मी विचारलं, बाई, तू मला नक्की काय करणार. तिनं कागदावर काढून दाखवलं. मान, खांदा आणि पोटाच्या वर एक छत्रीसारखा पडदा, त्या पडद्यानं आपण श्वास घेतो. खांद्याच्या दुखण्याला सगळ्यात चांगली सुई मानेच्या बाजूला देतात. हात एकदम लाकूड होतो, दुखणं शून्य. पण श्वासाच्या पडद्याची शीर तिथूनच जाते. मग त्या बाजूचा पडदा पण काही तास झोपतो. तरण्या माणसाला कळत बी नाय, कारण दुसरी बाजू सांभाळून घेते. म्हाताऱ्याला जड जाऊ शकतं, आणि ज्याची दुसरी बाजू आधीच अधू असंल त्याला तर धाप लागून यंत्रावर ठेवायची पाळी येती.

मला कळलं, राहत. उजवी झोपली तर मला डावीवर राहावं लागंल, आणि डावी म्हणजे पंधराव्या वर्षीची भोकं पडलेली चाळण.

तरी मी बोलले नाय. खरं सांगते. शेजारी आशा बसली होती माझी फाइल मांडीवर घेऊन. तुला साळीवाड्यातली ती मुलगी आठवती का, तिच्या आत्याला खोकला होता एवढ्यावरून नवऱ्यामुलाकडच्यांनी नारळ परत पाठवला. ते घराण्याचं दुखणं समजतात गं लोक. एवढी शिकलेली माणसं, पण पत्रिका बघताना आजीपणजीपर्यंत जातात. माझ्या एका वाक्यानं पोरीचं मोडलं तर मी तो खांदा घेऊन काय करू? मी पंच्याहत्तरची. काय झालं तर माझं मला. तिचं अजून सगळं व्हायचंय.

तू आता यावर काय लिहू नकोस. आशा पण पत्रं बघती कधी कधी. तेवीसला मंगळवारी मला दाखल करणार, चोवीसला सकाळी नंबर.

रागावलीस तरी पत्र फाडू नकोस, मागल्या बाजूला दुधाचा हिशेब करायला होईल.

द्वारका


७८६

कन्नड
१९ जानेवारी २०२४

द्वारका,

तिळगूळ मिळाला. बन्सीनं दोन खाल्ले, कबूल केलं.

मी कसम खाल्ली होती की कुणाला सांगणार नाय. मी नाय सांगणार. आप्पाला नाय, आशाला नाय, डॉक्टरणीला नाय. साठ वर्षं पाळली, आता मोडणार नाय. पण कसम माझ्या तोंडाची होती, माझ्या पायांची नव्हती. मी मंगळवारी दुपारच्या गाडीनं तुझ्या खाटेपाशी येते. तिथं बसून मी तुला फक्त एक गोष्ट विचारणार, की त्या सहा महिन्यांत तू मावशीकडं काय करत होतीस. आणि तुला माहीतच आहे, मला हळू बोललेलं ऐकू येत नाय.

पुढं तुझी मर्जी.

राहत


॥ श्री ॥

गारखेडा
२९ जानेवारी २०२४

प्रिय राहत,

नमस्कार, वि. वि. अक्षर माझं नाय, प्रतीक्षाचं आहे. मी सांगते ती लिहिते. हात झोळीत आहे, पण मी खाटेवर बसून शेंगा सोलतीये डाव्या हातानं. जिवंत आहे, ते तुला आप्पानं गयासला फोन करून कळवलंच असंल. बाकी सगळं मी सांगते, कारण तू त्या दिवशी आग लावलीस आणि शेवटची गाडी पकडायला निघून गेलीस. तुझ्यामागं काय झालं ते तुला कुठं ऐकू आलं.

आधी तुझी चोरी सांगते. तू विचारलंस तेव्हा मी कागदावर लिहून देते म्हणाले, तर तू चष्मा विसरला असा हात हलवलास. चष्मा तुझ्या पिशवीत होता, राहत. डाळिंब काढलंस तेव्हा मी बघितला. आणि त्याच वेळी डॉक्टरीण अजरा तपासायला आत आली, ती पण तूच बोलावली असशील अशी मला शंका आहे. तू परत विचारलंस. परत विचारलंस. तिसऱ्यांदा तू इतक्या मोठ्यानं विचारलंस की पलीकडच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. मग मला राग आला आणि मी ओरडले. क्षय झाला होता, शिवण नाय शिकले, नव्वद सुया घेतल्या, डावं फुप्फुस तेव्हापासून कामाचं नाय, आता ऐकू आलं का बहिरटे! तू मान हलवलीस, माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि गेलीस. लई वाईट बाई आहेस.

आप्पा भिंतीकडं बघत होता. डॉक्टरणीनं सगळ्यांना बाहेर काढलं, पडदा ओढला आणि माझ्या खाटेवर बसली. अर्धा तास. किती महिने औषध, किती पायऱ्या चढता, निजताना उशा किती. मी सगळं खरं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला इतकं खरं सांगितलं, आणि विशेष काय झालं नाय, पंखा फिरतच होता.

मग ती म्हणाली, मानेतली सुई आपण नाय द्यायची. हलक्या झोपेचं औषध, आणि दुखण्यासाठी दोन सुया, एक खांद्याच्या मागच्या हाडापाशी, दुसरी काखेच्या मागं. दोन्ही यंत्राच्या पडद्यावर शीर बघत बघत, औषध मोजकं. तिनं लपवलं पण नाय. याच्यानं मानेतल्यासारखं एकदम शून्य होणार नाय, दुसऱ्या दिवशी थोडं दुखंल, पण श्वास तुमचा तुमच्याजवळ राहील, असं म्हणाली. मी म्हणाले, बाई, दुखण्याचं मला काय नाय, चार बाळंतपणं झालीत.

आणि तसंच झालं. दुखलं, खोटं कशाला बोलू. गुरुवारी दिवसभर दुखलं, गोळ्यांनी थांबायचं आणि परत यायचं. पण शुद्धीवर आले तेव्हा पहिला श्वास पोटभर आला. तो मोजून घेतला मी. डॉक्टरीण उशाशी होती, माझ्या बोटाला चिमटा लावून आकडा बघत होती. शेवटी म्हणाली, आजी, तुम्ही मंगळवारी बोलला नसता तर मी मानेतलीच दिली असती, आणि आता आपण इथं नसतो, आतल्या खोलीत यंत्रापाशी असतो.

आप्पा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाय. मग संत्रं सोलत म्हणाला, की एक सुई टोचली नाय असं मी सांगितलं, आणि तू ऐकून घेतलंस. त्याला तेवढंच लागलं. इथून पुढं डॉक्टरनं मला विचारलं की तो तोंडात संत्र्याची फोड घालून बसणार म्हणतो. आशाचं वेगळंच. ती मला रागावली, की दहा वर्षं तुम्ही गव्हाचे डबे उचलत होता आणि मला म्हणत होता मला काय धाड भरलीय. तिनं ते डबे आता खाली ठेवलेत.

बोलणी एकवीसला झाली होती, चांगली झाली. पण आता त्यांना सांगायचं की नाय यावर घरात दोन दिवस काथ्याकूट. आप्पा म्हणाला लग्नानंतर बघू. मी म्हणाले तो लपवायचा रस्ता मी चालून आले, पुढं जात नाय. तरी माझी हिंमत होईना. 

आज्जी थांबल्या आहेत, त्यामुळे मीच लिहिते. राहतआजी, मी त्याला काल सांगितलं. डॉक्टर मॅडमनी मला समजावलं होतं की हा आजार रक्तातून नातवंडांत येत नाही आणि आज्जीचा साठ वर्षांपूर्वीच बरा झाला. मी त्याला ते सांगितलं, आणि मॅडमनी दोन सुयांची भूल दिली तेही. तो म्हणाला, आईशी बोलतो. अजून काही कळलं नाही. तुमची प्रतीक्षा.

बघ, पोरगी माझ्यापेक्षा धीट निघाली. मी मात्र रोज दाराकडं बघते.

तुझ्यावरचा राग गेला की लोभ पाठवीन, तोवर हा नमस्कार घे.

द्वारका


॥ श्री ॥

गारखेडा
१४ फेब्रुवारी २०२४

प्रिय राहत,

नमस्कार, वि. वि. हे अक्षर माझंच, वाकडं आहे पण ओळखशील. डॉक्टरांनी हात टेबलावर ठेवून लिहायला परवानगी दिली, उचलायला नाय.

पंधरा दिवस फुलंब्रीहून ना फोन ना निरोप. आशाच्या हातून पोळी करपायला लागली. मी माझ्या मनाशी म्हणत होते, मोडलं, आणि माझ्यामुळं मोडलं. प्रतीक्षा कामाला जायची, यायची, काय बोलायची नाय. मला तिच्या ताटाकडं बघवत नव्हतं.

काल अकराच्या सुमाराला दारात जीप थांबली. आवडाबाई उतरली, तशीच करडी. तिच्यामागं एक वाळकी म्हातारी, डावा हात पोटाशी धरलेला. ती आवडाबाईची सासू, साळूबाई. मुलगा नव्हता, मुलाचा बाप नव्हता. मला वाटलं, मोडायला बायका पाठवल्या.

पाणी झालं, चहा झाला. आवडाबाईनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, आम्हाला दोन आठवडे लागले त्याचं कारण असं, की आमच्या सासूबाई दोन दवाखाने फिरून आल्या. मोरीत पडून खांद्याचं हाड मोडलंय. दम लागतो म्हणून भूल द्यायला कुणी तयार नाय. तुमची डॉक्टरीण कोण, आणि ती दोन सुयांची भूल कशी असती, एवढं विचारायला आलो. लग्नाचं एक अक्षर नाय, राहत. मी आशाकडं बघितलं, आशानं माझ्याकडं.

मी कागद मागवला आणि छत्री काढली. मान काढली, खांदा काढला, कुठं सुई देत नायत आणि कुठं देतात ते दाखवलं. आणि म्हणाले, ती मी सांगितली म्हणून कुणाला देत नाय, तुम्हाला काय द्यायचं ते तीच बघून ठरवंल. पण तिला सगळं सांगावं लागतं. आवडाबाई लगेच म्हणाली, आमच्या सासूबाईंना दमा सोडून काय नाय, सगळं आम्ही सांगितलंय.

साळूबाई मान हलवत होती.

ती मान मला ओळखीची होती. मी उठले, आवडाबाईला म्हणाले तुम्ही जरा आशाबरोबर गच्चीवरचे पापड बघून या. ती बघतच राहिली, पण गेली. मी साळूबाईला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं, तिच्याजवळ बसले आणि विचारलं, की डॉक्टरला काय सांगितलं नाय ते मला सांग.

तिनं दार नीट लोटलंय का ते बघितलं. मग बोलली.

आज सकाळी मी तिच्याबरोबर अजराडॉक्टरणीकडं गेले. सगळ्यांना बाहेर बसवलं, मला पण. दार बंद झालं, आणि आवडाबाई माझ्या शेजारच्या बाकावर बसून म्हणाली, की मे महिन्यात वीस तारखेचा मुहूर्त चांगला आहे, तुमचा हात तोवर वर जाईल का. मी म्हणाले डोक्यापर्यंत जाईल, अक्षता टाकायला तेवढा पुरतो. ती हसली. या वेळी पुरती हसली.

साळूबाईनं मला काय सांगितलं ते मी तुला लिहिणार नाय. तू विचारू नकोस आणि ओरडू नकोस.

तुझ्यावर आहे तेवढा लोभ कुणावर नाय, पण हे तिचं आहे.

तुझी द्वारका